झाड दाखव, मग खा

हलिमाभाभींनी माझं कधी काही वाईट केलं नाही. उलट साडेतीन वर्षं घरच्यासारखं जेवायला घातलं. तरीही त्यातल्या चार महिन्यांत मी त्यांना मनातल्या मनात जेवढ्या शिव्या घातल्या, तेवढ्या आमच्या पंचायत समितीतल्या साहेबांनाही घातल्या नसतील. साहेब निदान जेवणाच्या सुट्टीत तरी माणसाला सोडायचे.

मी मूळची भोरची. महाडला बदली झाली तेव्हा बाजाराच्या मागच्या आळीत, भाभींच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली मिळाली आणि भाड्यातच दोन वेळचं जेवण ठरलं. आईने आधी नाक मुरडलं. मग भाभींनी एकदा तिच्यासाठी कोलंबीचं लोणचं पाठवलं. ते तिने चार दिवसांत संपवलं आणि रिकामी बरणी परत कशी पाठवायची म्हणून तिच्यात शेंगदाण्याची चटणी भरून दिली. त्यानंतर वरंधा घाटातून बरण्यांची जी ये-जा सुरू झाली, ती माझी बदली होईपर्यंत चालू होती. बरण्या वाहायची मी, हे वेगळं सांगायला नको.

भाभींना ओळखायचं तर आधी त्यांच्या बाहेरच्या खोलीतलं काचेचं कपाट ओळखायला हवं. त्यांचे यजमान इक्बालभाई बावीस वर्षं कुवेतला क्रेन चालवत होते. दर दोन वर्षांनी दोन महिने घरी यायचे आणि येताना खोक्यांमधून दुधाची पावडर, कस्टर्ड, संत्र्याच्या सरबताची पावडर, चीजचे डबे, क्रीमची बिस्किटं असं सगळं घेऊन यायचे. ते सगळं त्या कपाटात उंचीप्रमाणे उभं असायचं, नावं समोर करून. आमच्या आळीत ज्या घरातला माणूस गल्फला आहे त्या प्रत्येक घरात असं एक कपाट होतंच. पाहुणा आला की तो आधी कपाटाकडे बघायचा आणि मग खुशाली विचारायचा. डबे भरलेले दिसले की खुशाली न विचारताही कळायची.

मला त्या कपाटाबद्दल फार आदर होता. ऑफिसातून आल्यावर भाभी सरबताचा गार ग्लास आणि चार बिस्किटं पुढे करायच्या. रात्री तांदळाची पांढरीशुभ्र, मऊ भाकरी आणि माशाचं कालवण. साडी नेसताना निऱ्या दर महिन्याला एकेक कमी होत होत्या, पण मी काही तक्रार केली नाही. माणसाने दुसऱ्याच्या घरात राहताना तक्रार करू नये.

तर अशा सुखात असताना, बकरी ईद होऊन गेल्यावर, इक्बालभाई ठरल्या वेळेच्या आठ महिने आधी घरी आले. क्रेनच्या केबिनमध्ये त्यांना चक्कर आली होती. तपासलं तर साखर एवढी वाढलेली की कंपनीच्या डॉक्टरने कागदावर काट मारली. कंपनीचा साहेब भला माणूस असावा. त्याने सांगितलं की चार महिने घरी जा, साखर खाली आण, मेडिकल पास हो आणि ये, तोवर तुझी जागा राखून ठेवतो. चार महिन्यांनी नाही जमलं तर क्रेनवर दुसरा माणूस. बावन्नाव्या वर्षी महाडात बसून काय करायचं, हा प्रश्न इक्बालभाई ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे. मुलगी सना बारावीला होती आणि तिला पुढे फार्मसी करायची होती, म्हणजे प्रश्न तसा बरोबरच होता.

महाडातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वर म्हणाले, "खाणं सांभाळा." हे वाक्य डॉक्टर सगळ्यांनाच म्हणतात. आपण मान हलवायची आणि बाहेर पडून वडापाव खायचा, अशी रीत आहे. पण भाभींनी ते खरं धरलं. डॉक्टरचं ऐकणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं, आणि नेमकं माझं जेवण त्याच्या हातात होतं.

सनाने त्यांना मोबाईलवर कुठल्याशा बाईचे व्हिडिओ लावून दिले. ती बाई बागेत उभी राहून कच्चा बीट चावायची आणि हसायची. भाभींनी तीन दिवस ते बघितलं आणि चौथ्या दिवशी, जुलैच्या एका रविवारी, कपाटासमोर मांडी घालून बसल्या. पावसाने घाट बंद असल्यामुळे मी भोरला जाऊ शकले नव्हते, म्हणून त्या अत्याचाराची मी प्रत्यक्ष साक्षीदार आहे. एकेक डबा काढायचा, सनाने त्याच्यावरचं वाचायचं.

"हे काय असतं?" भाभी मध्येच विचारायच्या.

"माहीत नाही, अम्मी."

"तुला बारावीत जाऊन कळत नाय, ते बापाच्या पोटाला काय कळणार?"

आणि डबा डावीकडे. डावीकडे म्हणजे बाहेर. संध्याकाळपर्यंत उजवीकडे फक्त खजुराचं एक पाकीट उरलं.

इक्बालभाई खुर्चीत बसून आपली बावीस वर्षांची कमाई डावीकडे जाताना बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "हलिमा, हे मी आणलेला हाय."

"तुमी आणलेला हाय म्हणून तर एवढी वर्षं ठेवला."

त्याच दिवशी तो नियम जन्माला आला. बिस्किटाचा पुडा हातात धरून त्या सनाला म्हणाल्या, "ह्याचा झाड दाखव मला. खंय लागतो हा? दाखव आणि मग खा." ज्याचं झाड, वेल, शेंग किंवा कणीस दाखवता येईल ते खायचं. दाखवता येत नसेल ते घरात आणायचं नाही. जे अख्खं ओळखू येतं ते आपलं. मी फार हुशारीने विचारलं, "मग कोंबडीचं झाड कुठलं, भाभी?" त्या शांतपणे म्हणाल्या, "कोंबडी बाजारात अख्खी दिसते ना गो? मग चालते." मला मॅडम म्हणायचं आणि गो पण म्हणायचं, ही त्यांचीच पद्धत.

मी शेवटचा प्रयत्न करून बघितला. म्हटलं, "भाभी, माझी साखर अगदी व्यवस्थित आहे. मागच्याच महिन्यात तपासली."

"आज हाय व्यवस्थित. राखायची का नको?"

मुदत संपलेले डबे कचऱ्यात रिकामे केले. बाकीचे नणंदेकडे, म्हणजे रेहानाबाजींकडे गेले, कारण त्यांची पाच पोरं लोखंडही पचवतात असं भाभींचं मत होतं. रिकामे डबे धुऊन त्यात नाचणी, कुळीथ, वाल, चवळी भरून ते स्वयंपाकघरात ठेवले. बाहेरचं कपाट ओकंबोकं झालं. त्यात मधोमध ते खजुराचं पाकीट एकटंच बसलेलं असायचं.

आता जेवणाचं सांगते. सकाळी नाचणीची आंबील, बिनसाखरेची, ताकातली. दुपारच्या डब्यात लाल तांदळाचा डावभर भात, कुळथाचं पिठलं आणि टाकळा नाहीतर कुर्डू अशी एखादी रानभाजी. रात्री नाचणीची भाकरी आणि मासे, पण तळलेले नाहीत. भाभींचा हात आयुष्यभर तांदळाच्या पिठावर बसलेला. नाचणीची भाकरी त्यांना पहिले पंधरा दिवस जमेचना. थापताना कडा तुटायच्या, तव्यावर टाकताना मधून फाटायची, आणि ताटात यायची ती शाळेतल्या पाटीच्या रंगाची. आम्ही चौघं त्या तुकड्यांकडे बघत बसायचो. भाभी पहिला घास घेऊन "फर्स्ट क्लास" म्हणायच्या. खोटं बोलताना त्या घास गिळत नसत, तोंडात नुसता फिरवत राहत.

पण बाईने हार मानली नाही. रोज उकड काढून, रोज मळून, महिन्याभरात भाकरी अशी फुगायला लागली की मी नाईलाजाने दोन खायला लागले. मी हे त्यांना कधी सांगितलं नाही. एकदा कबूल केलं असतं तर त्यांनी मला आळीभर उदाहरण म्हणून फिरवलं असतं.

घरातले बाकीचे दोघे जण माझ्यापेक्षा धाडसी निघाले. सना वेफर्सची पाकिटं माझ्या खोलीत ठेवायला लागली. "ताई, तुमच्या कपाटात अम्मी बघणार नाही." मी आधी तत्त्व म्हणून नाही म्हटलं आणि मग निम्मी पाकिटं भाडं म्हणून कापून घेतली. इक्बालभाईंचा मार्ग वेगळा होता. ते पाचही वेळच्या नमाजाला मशिदीत जायला लागले. भाभींना आधी फार समाधान वाटलं. मग एक दिवस तिसऱ्या प्रहरी असरचा नमाज पढून ते आले आणि भाभींनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

"दाढी झटका," त्या म्हणाल्या.

इक्बालभाईंनी झटकली. नानकटाईचा चुरा पडला. मशीद आणि बेकरी एकाच रस्त्यावर आहेत, यात त्या माणसाचा तरी काय दोष.

त्या दिवसापासून भाभी स्वतः त्यांच्याबरोबर चालायला जायला लागल्या. दुपारच्या जेवणानंतर आणि संध्याकाळच्या जेवणानंतर आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ फेऱ्या. पाऊस असला तर एका छत्रीत. छत्री एक आणि माणसं दोघंही जाडजूड, त्यामुळे दोघांचा एकेक खांदा भिजायचा. माझी खिडकी आळीवरच होती. येता-जाता भांडणं ऐकू यायची. पन्नाशीतली माणसं, बावीस वर्षांची भांडणं शिल्लक राहिलेली. सनाच्या बारशाला कोणाला बोलावलं नव्हतं, विहिरीवर पंप कोणत्या साली बसवला, कुवेतहून पाठवलेली निळी साडी भाभी कधीच का नेसल्या नाहीत. "रंग आवडला नाय म्हणून." "मग तवा का नाय सांगितलास?" "फोनवर सांगायचा होता काय, मिनिटाला एवढे पैसे पडत असताना?" आळीतल्या पोरी दारात उभ्या राहून हसायच्या. चौथ्या फेरीला भांडण मिटायचं आणि पाचव्या फेरीला नवीन निघायचं.

ऑगस्टमध्ये आळीत बातमी पसरली की इक्बालची नोकरी गेली.

पुरावा बिनतोड होता. कपाट रिकामं. माणूस दोन महिन्यांच्या वर घरी. पाहुण्याला सरबत नाही, भाजलेले चणे आणि ताक. आणि घरात नाचणीची भाकरी थापल्याचा आवाज. नाचणी म्हणजे आमच्याकडे डोंगरातल्या वाडीवरच्या माणसाने, आजाऱ्याने नाहीतर तान्ह्या पोराने खायची वस्तू. गल्फच्या घरात ती शिरली म्हणजे गल्फ संपलं, हे कोणी कोणाला समजावून सांगायची गरज पडली नाही. बायका दुपारच्या यायच्या, कपाटाकडे बघायच्या, भाभींचा हात हातात घ्यायच्या आणि "अल्ला बघून घेईल" म्हणून जायच्या. एक लांबचे चुलते आले आणि इक्बालभाईंना आपल्या ट्रकवर हिशेबनीस म्हणून ठेवायला तयार झाले. रेहानाबाजी तर एका संध्याकाळी मागच्या दाराने आल्या, कोणाला दिसू नये म्हणून, आणि स्वयंपाकघरात एक जड पिशवी ठेवून म्हणाल्या, "भाभी, अवघडू नको. भावाचा घर हाय." पिशवीत पाच किलो साखर होती.

भाभींनी ती पिशवी उघडून बघितली. मग माझ्याकडे बघितलं. त्यांना हसू आवरेना आणि नणंदेला वाटलं की भाभी रडतायत, म्हणून तिने त्यांना मिठी मारली.

इक्बालभाईंना मात्र हे लागलं. रात्री जेवताना ते म्हणाले, "निदान ते नाचणीचे डबे तरी कपाटात मांडून ठेव. कोण उघडून बघणार हाय?"

"म्हंजे लोकांना दाखवायला डबे आणि तुमाला दाखवायला डॉक्टर," भाभी म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात आणखी एक डाव टाकळा वाढला.

बाजारातली नाचणी त्यांना पसंत पडेना. खडे फार आणि वास जुना. कोणी सांगितलं की पोलादपूरच्या वरच्या वाड्यांमध्ये चांगली मिळते. एका शनिवारी त्या मलाही घेऊन गेल्या, कारण सरकारी माणूस बरोबर असला की लोक माप बरोबर देतात असा त्यांचा समज होता. सरकारी माणूस म्हणजे मी, कनिष्ठ लिपिक. पोलादपूरपर्यंत एसटी, पुढे रिक्षा, आणि रिक्षा थांबली तिथून चढ. भाभी बुरखा गुडघ्यापर्यंत धरून चिखलातून पुढे, मी मागे.

वाडीतली बाई साठीची असेल. मुलगे दोन्ही मुंबईला. तिने आम्हाला घोंगडी टाकून बसवलं आणि चहाबरोबर बशीत क्रीमची बिस्किटं ठेवली. पाहुण्याला चांगलंच द्यायचं असतं. ती बशी बघून माझ्या जिवाचं काय झालं ते मी सांगत नाही. मी हात पुढे केला आणि भाभींनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी एकच घेतलं.

"नाचणी हाय गो बाय?" भाभींनी विचारलं.

"हाय की गेल्या सालची. पन आमी काय खात नाय आता. रेशनचा तांदूळ येतो, पोरं आली की तीच पाकिटातली शेवया मागतात." मग तिने आवाज खाली केला. "तुमच्यात कोन बाळंतीण हाय?"

"नाय."

"आजारी?"

"मालकांची साखर वाढलेली हाय."

त्या बाईने मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं. तिने भाभींच्या चिखलाने भरलेल्या चपलांकडे बघितलं, आणि डोंगर चढून नाचणी मागायला आलेल्या शहरातल्या बाईवर काय वेळ आली असेल याचा मनात जो काय विचार करायचा तो केला. दोन पायली मोजली आणि वर दोन ओंजळी टाकल्या. "ऱ्हाऊंदे. पोरांना घाला." शिवाय आम्ही निघताना अर्धा किलो रेशनचा पांढरा तांदूळ कागदात बांधून दिला, की घरात सणासुदीला तरी असावा. रिक्षात बसल्यावर भाभी म्हणाल्या, "मॅडम, आजपास्नं मी पोलादपूरची पण गरीब." तो तांदूळ त्यांनी मला करून वाढला नाही. चिमण्यांना घातला.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला डॉक्टरांनी मधली तपासणी केली. तीन महिन्यांची सरासरी साखर साडेअकरावरून आठाच्या खाली आली होती. डॉक्टरांनी कागद दोनदा बघितला. म्हणाले, "असंच चाललं तर महिन्याभराने मेडिकल नक्की पास." इक्बालभाईंनी दवाखान्यातूनच कुवेतला फोन लावला. सनाने माझ्या खोलीत येऊन वेफर्सची दोन पाकिटं एकदम फोडली.

त्याच संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर जिन्यापर्यंत तुपाचा वास. तीन महिन्यांत त्या घरात असा वास आला नव्हता. मी चप्पलसुद्धा नीट न काढता स्वयंपाकघरात गेले. भाभी एकट्याच होत्या. इक्बालभाई मशिदीत, सना क्लासला. चुलीवर कढई, कढईत शिरा. पांढऱ्या रव्याचा, तूप सुटलेला, वर साखर, वेलची. मी म्हटलं, "काय भाभी, परीक्षा संपली वाटतं."

"बस," त्या म्हणाल्या. "खा."

मी बसले. मला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. पहिली वाटी मी एक शब्दही न बोलता संपवली. दुसरी घेतली तेव्हा भाभी समोर पाटावर बसल्या होत्या, हातात डाव तसाच.

"त्यांच्यासाठी केला होता," त्या म्हणाल्या.

"इक्बालभाईंसाठी? त्यांना कसा चालेल?"

"नायच चालत. म्हणून तर." त्यांनी डावाला लागलेलं तूप बोटाने पुसलं. "मॅडम, महिना हाय अजून. रोज एक वाटी दिली असती ना, तर मेडिकलला साखर परत वर. कोणाला कळलं असतं? मालकांना वाटलं असतं नशीब. मग कुठं जाणार होता हा माणूस? हितंच राहिला असता. त्या चुलत्याच्या ट्रकवर बसला असता, संध्याकाळी घरी आला असता."

माझ्या तोंडात शिरा होता. मी तो गिळला.

"बावीस वर्षांत दोन-दोन महिने धरून किती होतात, मी परवा मोजलं," भाभी म्हणाल्या. "चालता चालता मोजलं. दोन वर्षं पण नाय होत गो. लगीन होऊन चोवीस वर्षं झाली." मग कढईकडे बघून म्हणाल्या, "भाजताना काय नाय वाटलं. साखर घातली तवा पण काय नाय वाटलं. वाटीत काढायला गेले आणि हात उठेना. साखर वाढली की पायाची बोटं कापतात, मॅडम. डोळे जातात. मी त्यांना घरात ठेवायला आंधळा करू काय?"

मला रडू येत होतं आणि हातात वाटी होती. आयुष्यभर वाकडं बोलून जगलेल्या माणसाला अशा वेळी सरळ वाक्य सापडत नाही. मी त्यांच्या हातातला डाव काढून घेतला, एवढंच केलं. त्या म्हणाल्या, "तू संपव सगळा. टाकायचा नाय, पाप लागतं." आणि मी, देवाशपथ, तो सगळा शिरा संपवला. त्यात काही भक्ती नव्हती. पण तो कढईत राहिला असता तर भाभींच्या समोर राहिला असता.

इक्बालभाई आले ते दारातूनच नाक वर करून. "कसला वास येतोय?"

"मॅडमचा वाढदिवस हाय," भाभी म्हणाल्या.

माझा वाढदिवस फेब्रुवारीत असतो. क्लासहून आलेल्या सनाला तो माहीत होता, ती म्हणाली, "पण ताईंचा तर..." भाभींनी तिला मधेच तोडलं. "शाळेत तारीख चुकीची लागलेली हाय तिची." इक्बालभाईंनी मला शुभेच्छा दिल्या आणि कढई पुसलेली बघून इतका मोठा उसासा टाकला की मला त्यांची दया आली.

त्यानंतर महिनाभर भाकरी, कुळीथ, आठ फेऱ्या, सगळं तसंच. कुठे एक घास चुकला नाही. उलट भाभी जास्त कडक झाल्या. फेऱ्या आठाच्या दहा केल्या. मी खिडकीतून बघायची. आता ती दोघं भांडत नव्हती, नुसती चालायची, आणि दहा झाल्यावरही कधीकधी अकरावी मारायची.

मेडिकल मुंबईला झालं. पास. फोन आला तेव्हा अर्धी आळी घरात जमली. ज्यांनी "अल्ला बघून घेईल" म्हटलं होतं त्याच बायका आता "आमाला म्हाईत होतं" म्हणत होत्या. रेहानाबाजींनी साखर उतरल्याच्या आनंदात दोन किलो पेढे आणले, आणि हे सगळ्यांना इतकं साहजिक वाटलं की कोणी हसलंसुद्धा नाही. इक्बालभाईंनी पेढा हातात धरून भाभींकडे बघितलं. भाभी म्हणाल्या, "खा एक. आज चालतो." खाताना त्यांचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता, आणि भाभी तो बघत उभ्या होत्या.

बावीस वर्षं कुवेतहून महाडात खोकी यायची. यंदा महाडातून कुवेतला निघाली. नाचणीचं पीठ, कुळथाचं पीठ, भाजलेले चणे, सुकवलेली भाजी. भाभींनी प्रत्येक पिशवीवर सनाकडून लिहून घेतलं, आत काय आहे आणि किती वेळ शिजवायचं. सामान वजनात बसेना तेव्हा इक्बालभाईंनी आपले दोन शर्ट काढून ठेवले. ज्या माणसाने चार महिन्यांपूर्वी पाटीच्या रंगाची भाकरी बघून डोळे मिटले होते, तो शर्ट ठेवून पीठ घेऊन चालला होता.

महाडजवळच्या वीर स्टेशनवर सोडायला मीही गेले, सुट्टी टाकून. गाडी थांबते किती, जेमतेम दोन मिनिटं. त्यातली दीड मिनिटं खोकी चढवण्यात गेली. भाभींनी खिडकीतून सांगितलं, "रोज जेवताना ताट दाखवायचा फोनवर. इसरायचा नाय." इक्बालभाई म्हणाले, "व्हय गो," आणि गाडी गेली. परत येताना रिक्षा घराजवळ आल्यावर भाभींनी मला विचारलं, "आज पांढरा भात करू तुझ्यासाठी?" चार महिने मी ज्या प्रश्नाची वाट बघत होते तो हाच. मी म्हटलं, "नको, भाकरीच करा."

पुढच्या जूनमध्ये माझी भोरला बदली झाली. सामान टेम्पोने पुढे गेलं होतं. दुपारी एसटीला निघायच्या आधी मी भाभींना भेटायला खाली गेले. त्या स्वयंपाकघरात होत्या, मोबाईल डब्याला टेकवून उभा केलेला, समोर कुवेतचं जेवण चाललेलं. मला बघून त्यांनी बसायची खूण केली.

फोनमध्ये इक्बालभाईंचं ताट दिसत होतं. लालसर रोटी, डाळ, उकडलेलं अंडं. भाभी पुढे वाकून बघत होत्या, चष्मा कपाळावरून खाली घेऊन. इक्बालभाईंचा आवाज फार खुशीत होता. कंपनीत वर्षाची तपासणी झाली होती. पन्नाशीच्या पुढच्या माणसांत सगळ्यात चांगला रिपोर्ट त्यांचा. साहेबांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं. एरवी या वयाच्या माणसाला कंपनी करार एकेक वर्षच वाढवून देते.

"मला तीन वर्षांचं दिलं, हलिमा," ते म्हणाले. "रिपोर्ट बघून तीन वर्षांचं. एकदम."

भाभींनी पदराने फोनची काच पुसली. ती आधीच स्वच्छ होती. मला वाटलं आता फोन ठेवतील, निदान रागावतील तरी.

"ताटात काकडी नाय दिसत," त्या म्हणाल्या. "उद्यापास्नं घेत जावा."